क्रूझ जहाजांवरील ऊर्जाबचत : मुंबईचा धक्का आणि छत्तीसगडची वीज

मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथे उभारण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, भावनगर येथील कार्यक्रमातून झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची ये-जा आणि एकाच वेळी पाच जहाजे हाताळण्याच्या दृष्टीने या टर्मिनलची रचना करण्यात आली आहे. त्यापूर्वी ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली होती. पाच वर्षांत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे, हे या मोहिमेचे उद्दिष्ट आहे. या वाढीबरोबर एक प्रश्नही बंदरात दाखल झाला आहे. धक्क्याला उभ्या असलेल्या जहाजाला लागणारी वीज कोठून यावी आणि तिच्या निर्मितीचा धूर कोणाच्या वाट्याला यावा, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा एक धागा मुंबईपासून रेल्वेमार्गाने सुमारे १,१०० किलोमीटर दूर असलेल्या भिलाईपर्यंत पोहोचतो. समुद्राशी या पोलादनगरीचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु महाराष्ट्र आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये एकाच पश्चिम विभागीय वीजजाळ्याचा भाग आहेत. मुंबईच्या धक्क्यावर जहाजाने इंजिने बंद करून किनाऱ्यावरची वीज घेतली, तर या सामाईक जाळ्यावरचा भार वाढतो आणि त्या जाळ्यात छत्तीसगडच्या कोळशाचा मोठा वाटा आहे. म्हणूनच क्रूझ जहाजांवरील ऊर्जाबचत हा केवळ किनारपट्टीचा विषय राहत नाही.

तरंगते शहर

मालवाहू जहाजाची बहुतांश ऊर्जा ते पुढे ढकलण्यात खर्च होते. क्रूझ जहाजाचे गणित वेगळे असते. वातानुकूलन, स्वयंपाकघरे, धुलाई, गोडे पाणी तयार करणारी यंत्रे, उद्वाहने, रंगमंच आणि हजारो दिवे यांना रात्रंदिवस वीज लागते. जहाज उभे असले, तरी हा खर्च थांबत नाही. नौवहन क्षेत्रात त्याला ‘हॉटेल लोड’ असे म्हणतात. मोठ्या क्रूझ जहाजाच्या बाबतीत धक्क्यावरचा हा भार सर्वसाधारणपणे ५ ते १० मेगावॅट इतका असतो.

या जहाजांच्या आकारमानाची कल्पना एका उदाहरणावरून येऊ शकेल. २००९ मध्ये सेवेत दाखल झालेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ या जहाजावर सहा डिझेल संचांची मिळून सुमारे ९७ मेगावॅट वीजनिर्मिती क्षमता आहे. भिलाई येथे एनटीपीसी-सेल पॉवर कंपनीच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांतील एका संचाच्या जवळजवळ दोन पंचमांश क्षमता या एका जहाजावर सामावलेली आहे.

आधुनिक क्रूझ जहाजे बहुधा डिझेल-विद्युत पद्धतीची असतात. त्यांच्यावरील डिझेल इंजिने थेट प्रोपेलर फिरवीत नाहीत, तर वीज तयार करतात आणि प्रोपेलरची मोटर तसेच हॉटेल लोड या दोहोंना तीच वीज पुरविली जाते. गरजेनुसार मोजकेच संच चालू ठेवता येतात, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय. डिझेल इंजिन अर्ध्या भारावर चालविले असता प्रत्येक युनिटमागे अधिक इंधन जाळते. त्यामुळे चार संच अर्धवट भाराने चालविण्याऐवजी तीन संच योग्य भाराने चालविणे, ही बचतीची पहिली पायरी मानली जाते.

बचतीचे मार्ग

इंधनबचतीचा सर्वांत स्वस्त उपाय वेग कमी करणे हा आहे. पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारणपणे तिसऱ्या घाताने वाढते. वेग २० नॉटवरून १८ नॉटवर आणला, तर शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवासाचा वेळ लांबत असल्याने तेवढ्याच अंतरासाठी प्रत्यक्ष बचत सुमारे १९ टक्के होते. मात्र क्रूझ जहाजाला येथे एक मर्यादा आहे. प्रवास लांबला की हॉटेल लोडचे तासही वाढतात. त्यामुळे या जहाजांसाठी सर्वांत कमी वेग हा सर्वांत काटकसरीचा वेग ठरत नाही आणि मध्यम वेग निवडावा लागतो.

दुसरा उपाय जहाजाच्या तळाशी संबंधित आहे. उष्ण समुद्रात तळावर शेवाळ व कवचधारी जीव वेगाने साचतात आणि पाण्याचा विरोध वाढतो. तळाची नियमित सफाई आणि योग्य लेप यांमुळे हा विरोध आटोक्यात राहतो. अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. काही नव्या जहाजांत तळाखाली हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा थर सोडून घर्षण कमी केले जाते. २०१४ मधील ‘क्वांटम ऑफ द सीज’ आणि २०१६ मधील ‘एडाप्रिमा’ ही त्याची उदाहरणे होत. जहाजाबाहेर बसविलेल्या व चहूदिशांनी वळणाऱ्या विद्युत प्रोपेलरचा वापर क्रूझ जहाजांत प्रथम १९९८ मध्ये ‘एलेशन’ या जहाजावर झाला. सुकाणू आणि लांब दांड्यांची गरज संपल्याने त्यातूनही इंधनाची बचत झाली.

तिसरा उपाय वाया जाणाऱ्या उष्णतेचा आहे. उत्तम सागरी डिझेल इंजिनातही इंधनातील साधारण निम्म्याच ऊर्जेचे वीजनिर्मितीयोग्य शक्तीत रूपांतर होते. उरलेली ऊर्जा धुराच्या नळीतून आणि शीतकरणाच्या पाण्यातून बाहेर पडते. धुराच्या उष्णतेवर बाष्पक चालवून स्वयंपाकघर व धुलाईसाठी वाफ मिळविता येते. इंजिन थंड करणारे गरम पाणी निर्वात बाष्पीभवन यंत्रात वापरून समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करता येते. त्याच उष्णतेवर चालणारी शोषण पद्धतीची शीतयंत्रे वातानुकूलनाचा काही भार उचलतात.

भिलाईच्या रहिवाशांना हे तत्त्व नवे नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाई पोलाद कारखान्यात झोतभट्टी व कोक भट्टीतून निघणारा वायू इंधन म्हणून पुन्हा वापरला जातो. पोलाद कारखान्यात असो किंवा जहाजाच्या इंजिन कक्षात, एकदा जाळलेल्या इंधनाकडून दुसरे काम करून घेणे, हाच कार्यक्षमतेचा पाया आहे.

चौथा उपाय हॉटेल लोड कमी करण्याचा आहे. एलईडी दिवे, पंप व पंख्यांची गती गरजेनुसार बदलणारी नियंत्रणे, रिकाम्या खोलीचे वातानुकूलन आपोआप मंद करणारी व्यवस्था आणि खिडक्यांना उष्णतारोधक काच हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. उत्तर युरोपच्या तुलनेत मुंबई, गोवा, कोची व लक्षद्वीप या मार्गांवर हवा आणि समुद्राचे पाणी दोन्ही उष्ण असतात. शीतयंत्रांना उष्णता बाहेर टाकण्यास अधिक वीज लागते. त्यामुळे भारतीय मार्गांवर वातानुकूलनातील बचतीला विशेष महत्त्व येते.

जुनी जहाजे, नवे नियम

भारतीय बाजारपेठेचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. मुंबईतून नियमित फेऱ्या करणारी मोठी जहाजे बहुतेक वेळा अन्यत्र दीर्घकाळ सेवा केलेली असतात. २०१९ मध्ये मुंबईतून निघू लागलेले ‘कर्णिका’ आणि सप्टेंबर २०२१ पासून सेवा देऊ लागलेले कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ या दोन्ही जहाजांची बांधणी १९९० मधील होती. त्यांपैकी ‘कर्णिका’ २०२० मध्ये अलंग येथे मोडीत निघाले. जुन्या जहाजाच्या तळाचा आकार बदलता येत नाही. मात्र दिवे, पंप, शीतयंत्रे, लेप आणि नियंत्रणे बदलता येतात. त्यामुळे भारतासाठी ऊर्जाबचतीचा प्रश्न मुख्यतः आहे त्या जहाजांच्या सुधारणेचा प्रश्न ठरतो.

जागतिक पातळीवर या क्षेत्राचे नियमन लंडनस्थित आंतरराष्ट्रीय सागरी संघटना करते. मार्पोल कराराचे हवेच्या प्रदूषणाविषयीचे सहावे परिशिष्ट १९ मे २००५ पासून अंमलात आले. १ जानेवारी २०१३ पासून नव्या जहाजांसाठी ऊर्जा कार्यक्षमता रचना निर्देशांक आणि सर्व जहाजांसाठी ऊर्जा व्यवस्थापन आराखडा अनिवार्य झाला. १ जानेवारी २०२० पासून सागरी इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आणण्यात आली. भूमध्य समुद्र, बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा यांसारख्या विशेष नियंत्रित क्षेत्रांत ही मर्यादा ०.१० टक्के इतकी कडक आहे. भारताच्या किनाऱ्याला ०.५० टक्क्यांचीच मर्यादा लागू आहे.

संघटनेच्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये मानवनिर्मित उत्सर्जनात नौवहनाचा वाटा २.८९ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये सदस्य देशांनी २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय स्वीकारले. उत्सर्जनावर मूल्य आकारणाऱ्या नव्या चौकटीला एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा अंतिम स्वीकार एक वर्षासाठी पुढे ढकलण्यात आला. युरोपीय संघाने मात्र २०२४ पासून जहाजांना आपल्या उत्सर्जन व्यापार व्यवस्थेत आणले आहे. संघाच्या प्रमुख बंदरांत प्रवासी व कंटेनर जहाजांनी २०३० पासून किनारी वीज घेणे बंधनकारक होणार आहे.

मोजमापातील पेच

१ जानेवारी २०२३ पासून ५,००० सकल टनांहून मोठ्या जहाजांना कर्बतीव्रतेनुसार दरवर्षी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दिली जाते. ‘ई’ श्रेणी मिळालेल्या किंवा सलग तीन वर्षे ‘डी’ श्रेणीत राहिलेल्या जहाजाला सुधारणेचा आराखडा सादर करावा लागतो. क्रूझ जहाजांच्या बाबतीत वर्षभरातील उत्सर्जनाला जहाजाचा सकल टनभार व कापलेले अंतर यांच्या गुणाकाराने भागले जाते.

या पद्धतीतील पेच उघड आहे. धक्क्याला अधिक काळ उभे राहणारे जहाज एकूण इंधन कमी जाळते, परंतु अंतर कमी कापत असल्याने त्याची श्रेणी घसरू शकते. उलट, तेच जहाज समुद्रात अधिक मैल फिरले तर एकूण उत्सर्जन वाढूनही श्रेणी सुधारू शकते. म्हणून केवळ श्रेणी पाहून जहाज स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. एकूण किती इंधन जाळले गेले, हा साधा आकडाही सोबत पाहणे आवश्यक ठरते.

धक्क्यावरच्या दहा तासांचा हिशेब

बंदरात असताना जहाजाने स्वतःची इंजिने बंद करून किनाऱ्यावरून वीज घेण्याची पद्धत क्रूझ क्षेत्रात २००१ मध्ये अमेरिकेच्या अलास्का राज्यातील जुनो येथे सुरू झाली. भारतात केंद्र सरकारच्या मे २०२३ मधील ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांत बंदरांनी अशी सोय करावी, असे सुचविण्यात आले आहे. यात तांत्रिक अडचणही आहे. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे ६० हर्ट्झ वारंवारतेवर चालतात, तर भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ६.६ किंवा ११ किलोव्होल्टच्या जोडणीबरोबर वारंवारता बदलणारे महागडे उपकरणही धक्क्यावर बसवावे लागते.

या सोयीचा लाभ किती, हे एका ढोबळ गणिताने पाहता येईल. सहा मेगावॅट भार असलेले जहाज दहा तास धक्क्याला उभे राहिले, तर त्याला ६० मेगावॅट-तास वीज लागते. जहाजावरील डिझेल संच प्रत्येक युनिटमागे सुमारे २१० ग्रॅम इंधन जाळतो असे धरल्यास १२ ते १३ टन इंधन खर्ची पडते. एक टन सागरी डिझेलमधून ३.२०६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दहा तासांत सुमारे ४० टन उत्सर्जन होते. याखेरीज नायट्रोजन ऑक्साइडविषयीच्या पहिल्या टप्प्याच्या मर्यादेतील इंजिनांतून हे वायू पाऊण टनापर्यंत बाहेर पडू शकतात. ते दक्षिण मुंबईच्या दाट वस्तीलगत, कमी उंचीवरून हवेत मिसळतात.

आता तीच वीज किनाऱ्यावरून घेतली असे समजू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडील आकडेवारीनुसार देशातील वीजजाळ्याचे सरासरी उत्सर्जन प्रत्येक मेगावॅट-तासामागे ०.७ टनांहून थोडे अधिक आहे. त्या हिशेबाने ६० मेगावॅट-तासांसाठी ४३ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वहनातील गळती धरल्यास हा आकडा आणखी वाढतो.

निष्कर्ष स्पष्ट आहे. आजच्या वीजजाळ्यावर किनारी वीज घेतल्याने मुंबईच्या बंदर परिसराची हवा निश्चित सुधारते. धक्क्यावरील कामगार, बंदरालगतचे रहिवासी आणि स्वतः प्रवासी यांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. परंतु हवामानबदलाच्या दृष्टीने पाहता उत्सर्जन कमी होत नाही, त्याचे केवळ स्थलांतर होते.

धूर कोणाच्या अंगणात

हे स्थलांतर कोठे होते, याचा विचार छत्तीसगडमध्ये अधिक गांभीर्याने होणे स्वाभाविक आहे. राज्यातील कोरबा येथील एनटीपीसीचे केंद्र २,६०० मेगावॅटचे, तर सीपत येथील केंद्र २,९८० मेगावॅटचे आहे. कोरबाची वीज महाराष्ट्रासह पश्चिम विभागातील अन्य राज्यांनाही मिळते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी संपूर्ण देशाचे वीजजाळे एकसंध झाल्यापासून कोणत्या ग्राहकाला कोणत्या केंद्राची वीज मिळाली, हे तारेवर वेगळे करता येत नाही. मात्र मागणी वाढली की कोठेतरी अधिक कोळसा जाळला जातो आणि त्याची राख व धूर कोळसापट्ट्यातच राहतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील बहुसंख्य कोळसा वीजकेंद्रांना गंधक शोषणारी यंत्रणा बसविण्याच्या अटीतून वगळले. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांजवळील केंद्रांना ही यंत्रणा बसवावीच लागणार आहे. म्हणजे महानगराच्या धक्क्यावरून हटलेला धूर दूरच्या, कमी वस्तीच्या जिल्ह्यात तुलनेने कमी बंधनाखाली बाहेर पडू शकतो. मुंबईची हवा स्वच्छ व्हावी, हे योग्यच आहे. तिची किंमत कोरब्याच्या रहिवाशांनी मोजावी, हे मात्र न्याय्य म्हणता येणार नाही.

यावर उपाय उपलब्ध आहे. क्रूझ जहाजे बहुधा सकाळी बंदरात येतात आणि सायंकाळी निघतात. सौर वीजनिर्मितीचे तासही तेच आहेत. जून २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या वापराच्या नियमांनुसार १०० किलोवॅट किंवा अधिक भार असलेला ग्राहक थेट अपारंपरिक वीज विकत घेऊ शकतो. किनारी वीजजोडणीबरोबरच दिवसाच्या सौर विजेचा करार झाल्यास वरील हिशेबातील ४३ टनांचा आकडा बव्हंशी खाली येऊ शकतो. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र २०२४-२५ मध्ये कोळशाचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक होता. हे अंतर भरून निघेपर्यंत अशा स्वतंत्र करारांना पर्याय नाही.

इंधनबदलाची मर्यादा

इंधन बदलण्याचा मार्गही अनेक कंपन्यांनी स्वीकारला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सेवेत आलेले ‘एडानोव्हा’ हे बंदरात व समुद्रात दोन्हीकडे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू शकणारे पहिले क्रूझ जहाज ठरले. या वायूत गंधक जवळजवळ नसते, काजळी अत्यल्प असते आणि एक टन वायूमागे २.७५० टन कार्बन डायऑक्साइड निघतो. परंतु इंजिनातून काही मिथेन न जळताच निसटतो. युरोपीय संघाच्या नियमांत मध्यम गतीच्या अशा इंजिनांसाठी हे प्रमाण ३.१ टक्के धरले जाते. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक असल्याने एवढी गळतीही लाभाचा मोठा भाग खाऊन टाकते. हरित मिथेनॉल व हरित हायड्रोजन यांच्यासाठीही प्रथम मुबलक स्वच्छ वीज लागणार आहे.

पोलादाचा वाटा

भिलाईचा जहाजांशी आणखी एक संबंध आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरविले. ते भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांत तयार झाले होते. उद्या देशात प्रवासी जहाजांची बांधणी वाढल्यास अशाच पोलादी पत्र्यांची मागणी वाढेल. अधिक मजबूत पोलाद वापरल्यास पत्रा पातळ ठेवता येतो, जहाज हलके होते आणि त्याच्या संपूर्ण आयुष्यात इंधन वाचते. मात्र भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या निश्चित करताना २.२ टनांची मर्यादा घातली. जहाजाचा हिशेब त्याच्या जलावतरणापासून नव्हे, तर भट्टीपासून मांडावा लागेल, असा याचा अर्थ आहे.

उपायांचा क्रम

या सर्व बाबींचा एकत्रित विचार करता उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम जहाजावरची गरज कमी करणे, नंतर वाया जाणारी उष्णता वापरणे, त्यानंतर धक्क्यावर स्वच्छ विजेची सोय करणे आणि अखेरीस इंधन बदलणे, असा हा क्रम आहे. पहिल्या दोन उपायांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतून होणारी घट खरी असते. न जाळलेल्या इंधनाचा धूर मुंबईतही निघत नाही आणि छत्तीसगडमध्येही निघत नाही. तिसरा उपाय विजेच्या स्रोतावर, तर चौथा इंधनाच्या उगमावर अवलंबून आहे.

देशातील क्रूझ व्यवसाय अद्याप बाल्यावस्थेत आहे. ज्या बंदरांनी आधी धक्के बांधले आणि नंतर वीजजोडण्यांसाठी ते पुन्हा खोदले, त्यांचा अनुभव भारतासमोर आहे. टर्मिनल नवे असतानाच जोडणी, वारंवारता परिवर्तक व सौर विजेचा करार यांची सांगड घातली गेली, तर प्रवाशांच्या वाढत्या संख्येचा भार बंदरालगतच्या वस्तीवर किंवा दूरच्या कोळसापट्ट्यावर पडणार नाही.